हात थांबला की पहिल्यापासून

रविवारचा क्लास चंद्रिकाने बाराला सोडला, पण खुर्च्या भिंतीला लावल्या नाहीत. त्या उचलायचंही तिच्या जिवावर आलं होतं. सकाळपासून सात जण इंग्रजीत बोलून गेले होते. टॉवेलच्या कारखान्यातला एक सेल्समन, बँकेतल्या दोघीजणी आणि चार नर्सा. प्रत्येकाला तिने ‘कसे आहात’ विचारलं होतं आणि प्रत्येकाने ‘मजेत’ म्हणून सांगितलं होतं. आता तिलाच कुणी ते विचारलं असतं तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर भुईमुगाच्या शेंगांचं ताट तसंच होतं. चंद्रिकाची शिकवायची रीत सोलापुरात थोडी चेष्टेचा विषय होती. तिच्याकडे इंग्रजी बोलायचं ते शेंगा फोडत. गुडघ्याला गुडघा लागेल असं समोरासमोर बसायचं, एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं आणि दोघांचेही हात चालू ठेवायचे. ‘मॅडमची चटणी फुकटात होते,’ असं बाहेर लोक म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. आठ दिवसांची चटणी त्या दाण्यांतच निघे.

रीत मात्र तिची नव्हती, सासूची होती. बारा वर्षांपूर्वी या बाहेरच्या खोलीत क्लास सुरू झाला तेव्हा मायाक्का कोपऱ्यात शेंगा फोडत बसायच्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. एक दिवस त्या म्हणाल्या, “चंद्रिके, ती निळ्या ड्रेसची पोर बोलत न्हाय गं. पाठ म्हणतीया.”

“तुम्हाला कसं कळलं, आत्या?”

“माज्याबर शेंगा फोडाय बसली हुती. तोंड चालू अन् हात थांबला की तिचा.”

मेंढरांमागे रानोमाळ फिरायच्या दिवसांत मायाक्कांच्या सासूने त्यांना हे शिकवलं होतं. वाड्यावरचं, म्हणजे मेंढरांच्या तळावरचं, भांडण मिटवायला बाया बसल्या की सगळ्यांच्या हातांत लोकर कातायची टकळी असे. बोलता बोलता जिची टकळी थांबली तिच्या पोटात काहीतरी आहे, असं धरून चालत. चंद्रिकाने टकळीच्या जागी शेंग आणली आणि एक नियम केला. हात थांबला की पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. बारा वर्षांत या नियमाने कितीतरी पोपट माणसांत आले.

आज मात्र त्या खोलीत घरचीच माणसं जमली होती. तिचा नवरा धनाजी बार्शीहून काल रात्रीच आला होता. तो तिथे एका धान्याच्या आडतीवर कामाला होता आणि आठवड्यातून एकदा बायकोला तोंड दाखवायचा. धाकटा दीर बिरप्पा कॉटवर मांडी घालून मोबाईल चाळत होता. त्याची बायको सोनाली जेवणाची भांडी घासून पदराला हात पुसत दारात उभी राहिली होती. आतल्या खोलीत अण्णा, म्हणजे सासरे जोतिराम, सुनांचे मामा, पडून होते. दिवाळीत त्यांचं अर्धं अंग गेलं होतं. तेव्हापासून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागे, नाही वळवलं तर पाठीची जखम चिघळे.

विषय एकच होता. मंगळवारी पुण्यात सोनालीची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती, तिसरी खेप. पास झाली की आयर्लंडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी, दोन वर्षं. कागद सगळे तयार होते. मुलगी आरोही सध्या सुट्टीला नातेपुत्याला आजोळी गेली होती, पण पहिलं वर्ष ती इथेच राहणार होती. म्हणजे कोणाकडे, हे कोणी बोललं नव्हतं.

“नर्स बी घरातली अन् पेशंट बी घरातला,” धनाजी म्हणाला. “अन् नर्स चालली परदेशात. भावकी काय म्हणंल?”

“भावकी काय अण्णाला कुशीवर वळवाय येती व्हय, दादा?”

“तू वळवतोस का?”

बिरप्पाने मान खाली घातली. मोबाईलमध्ये एकदम काहीतरी महत्त्वाचं आलं असावं.

दोघे भाऊ बापाची काळजी अगदी तोंडभरून करत. धनाजी ती बार्शीहून फोनवर करी आणि बिरप्पा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन करी. उंबऱ्याच्या आतलं सगळं बायकांकडे होतं. जखम धुणं, पट्टी बदलणं सोनाली ड्यूटीवरून आली की करायची. बाकीचं खाणं, पिणं, धुणं, पुसणं, रात्रीचं उठणं चंद्रिकाकडे. सोनाली गेली की पट्टीही तिच्याकडेच येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अर्धा तास शब्दाला शब्द लागत गेला. पाच वर्षांपूर्वी मेंढरं विकण्यावरून वाजलं, तेव्हापासून हे दोघे ताटाला ताट लावून जेवले नव्हते. मग पंख्याखाली जरा गार वाटल्यावर धनाजी नरमला.

“बरं, जाऊ दे म्हणा. दोन वर्सं काय, अशी जात्यात. चंद्रिका हाय की. तिला सवय हाय. ती काय कुटं जातीया?”

“तेच तर म्हणतूया मी,” बिरप्पा एकदम सरसावला. “वहिनी हायत म्हणून तर आमाला घोर न्हाय.”

पाच वर्षांनी दोघे भाऊ एका मताचे झाले आणि ते मत चंद्रिकाच्या पाठीवर ठेवून मोकळे झाले. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. चंद्रिकाला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात त्राण लागतं, आणि तेवढं तिच्यात उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून दाण्यांवरची लाल सालं फुंकत राहिली.

सोनाली दारातून तिच्याकडे बघत होती. चंद्रिकाने तिकडे पाहिलं नाही.

कोपऱ्यातून मायाक्का बोलल्या. “निम्मी वाट आदीच चालून आला तुमी. तिला बोलता येतंय का ती बघा की. दोनदा फेल झालीया. चंद्रिके, बसव तिला खुर्चीवर. आमच्यापुढं बोलली तर तितं बोलंल.”

“आत्या, आत्ता?” चंद्रिका म्हणाली. “मामांना दोनला वळवायचंय.”

“दोन वाजायला टाइम हाय.”

सोनाली पुढे आली, पण खुर्चीपाशी अडखळली. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ती थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसली नव्हती. घरात तो आला की ती उभी असे नाहीतर आत असे. दवाखान्यात डॉक्टरांना तोंडावर सुनावणारी बाई इथे पदर सावरत खाली फरशीकडे बघत राहिली.

“परीक्षा हाय ही,” मायाक्कांनी सांगितलं. “परीक्षेत दीर नसतो. बस.”

ती बसली. चंद्रिका समोर बसली, ताट मधे ओढलं, आणि रोज सात वेळा विचारते तसं इंग्रजीत विचारलं, “आपलं नाव? काय काम करता?”

सोनालीने एक शेंग उचलली. “माझं नाव सोनाली. मी गेली नऊ वर्षं अतिशय समर्पित भावनेने रुग्णसेवा करत असून...”

शेंग बोटांत तशीच राहिली.

“थांबला हात,” मायाक्का म्हणाल्या.

“पहिल्यापासून,” चंद्रिका म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ती दवाखान्यापर्यंत आली, वॉर्ड किती, खाटा किती, हे सांगून झालं. मग तिला आवडणारा सण कोणता असं विचारल्यावर बिरप्पाने मोबाईलवरून उतरवून आणलेला दिवाळीचा परिच्छेद धडधडत आला, आणि हात पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेला ती नावावरच अडली.

“अक्का, मला न्हाय जमत,” ती चंद्रिकाला मराठीत म्हणाली. डोळे भरले होते. “तितं बी असंच व्हतंय. समोरचा माणूस बघाय लागला की आतलं सगळं पुसतंय.”

“बघा,” धनाजी म्हणाला. “हितंच ही गत.”

चंद्रिकाने डोळे मिटून घेतले. परीक्षेचे म्हणून तिच्याकडे दोनशे प्रश्न होते, आणि त्यातला एकही आत्ता तिला आठवेना. जे तोंडात आलं ते तिने विचारलं. इंग्रजीतच.

“तू लांब चालली आहेस. या घरातल्या कोणाची काळजी वाटेल तुला?”

“माझी लाडकी कन्या आरोही हिची मला...” सोनालीचा हात थांबला. या वेळी मायाक्कांच्या आधी तिलाच ते कळलं. तिने हातातली शेंग बघितली, ती फोडली, दाणे ताटात टाकले. दुसरी घेतली. तीही फोडली. मग ती बोलायला लागली.

“मला जिची काळजी वाटते, ती मला हा प्रश्न विचारते आहे.”

शेंग फुटली.

“ती रात्री चार तास झोपते. सलग नाही, तुकड्यांत. मी नर्स आहे, मला तिचे पाय दिसतात. संध्याकाळी सुजतात. गेल्या महिन्यात ती न्हाणीत नळ सोडून बसली होती. पाऊण तास. बाहेर आली आणि म्हणाली, कपडे धूत होते. कपडे कोरडे होते. मी काही विचारलं नाही. मी सगळ्यांना सांगते, मी आरोहीसाठी जाते. थोडं खरं आहे. पण मी पळूनही जाते आहे. मला त्या खोलीचा वास नको झाला आहे. आणि मी पळते, ते हिच्या जिवावर. इथे सगळे बोलले. हिला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला भीती वाटत होती, ही ‘जा’ म्हणेल. म्हणजे मग मला जावं लागेल, आणि हिचं तोंड आठवत राहील.”

ताटात दाण्यांचा ढीग वाढला होता. सोनालीचा हात एकदाही थांबला नव्हता.

बारा वर्षांत या खुर्चीवर चंद्रिकाने इतकं सरळ इंग्रजी क्वचित ऐकलं होतं. दोन ठिकाणी काळ चुकला होता, एका ठिकाणी शब्द. शिकवणारीच्या सवयीने तिने ते मनात टिपलं आणि सोडून दिलं. ही मंगळवारी पास होणार, हे तिला पक्कं कळलं. त्याच क्षणी तिला असंही वाटलं की उठावं, आत जावं आणि पुन्हा नळ सोडून बसावं.

“काय म्हणाली गं?” धनाजीने विचारलं. “लई वेळ बोलली की.”

टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करायच्या कामावर बिरप्पाला इंग्रजी पत्रं वाचावी लागत. त्याला निम्मं तरी कळलं असणार. तो घाईने म्हणाला, “चांगलं बोलली. एकदम फर्स्टक्लास. पास व्हणार बघ.”

“आरं पण म्हणाली काय?”

सगळे चंद्रिकाकडे बघायला लागले. चंद्रिकाच्या तोंडात उत्तर तयार होतं. ‘आरोहीची आठवण येईल, घरच्यांची येईल, असं म्हणाली.’ असली उत्तरं तिच्याकडे कायम तयार असायची. दमलात का, नाही. जेवलात का, मगाशीच. होईल का, होईल की.

“म्हणाली, आरोहीची...”

“चंद्रिके,” मायाक्का हळू बोलल्या. “तुजा बी हात थांबला.”

चंद्रिकाने खाली पाहिलं. अंगठा शेंगेच्या टोकावर होता आणि शेंग अख्खी होती. आपला नियम आपल्यालाच लागू होईल, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने अंगठा दाबला. टरफल फुटलं.

“ती म्हणाली, मी दमलेय,” ती म्हणाली. “सोनाली नाही. मी. माझे पाय सुजतात, मी नीट झोपत नाही, न्हाणीत जाऊन रडते, असं म्हणाली. आणि मला कोणी विचारलं नाही, असंही म्हणाली. तिनेसुद्धा नाही विचारलं.” आणखी एक शेंग. “खरं आहे ते सगळं. मी दमलेय. लई दमलेय.”

बिरप्पाने मोबाईल खिशात टाकला.

“मग आदी सांगायचं की,” धनाजी म्हणाला.

“आधी विचारायचं की.”

नवऱ्याला असं उलट बोलल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. धनाजीने खाकरून घसा साफ केला, गुडघ्यावर थाप मारली आणि निकाल देऊन टाकला. “मग झालं तर. प्रश्नच मिटला. सोनालीनं जायचं न्हाय.”

खरं बोललं की असाच निकाल येणार हे सोनालीला माहीत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून चंद्रिकाला दिसलं. माहीत असून ती बोलली होती. आता गप्प बसलं तरी पुरे होतं. एक शब्द न बोलता चंद्रिकाला पट्टी बदलणारे दोन हात घरात राहिले असते, आरोहीची शाळा तिच्या आईकडे राहिली असती, रात्रीतून एखादी हाक दुसऱ्याने घेतली असती. तिला त्याचा मोह झाला. चांगलाच झाला. तिने ताटातल्या दाण्यांकडे पाहिलं.

“ती जाणार,” ती म्हणाली.

“अगं, तूच म्हणतीस की दमलीस!”

“ती राहिली तर दोघी दमणार. तेवढाच फरक. उठ, सोनाली. मीही उठते. बसा तुम्ही इथे.”

“कोण?”

“तुम्ही आणि भावजी. समोरासमोर.”

धनाजी हसला. कोणी साथ दिली नाही तेव्हा हसणं आटोपतं घेऊन तो आईकडे बघायला लागला. मायाक्कांनी नुसता हात खुर्चीकडे केला. दोघे भाऊ उठले आणि कोणीतरी ढकलावं तसे त्या खुर्च्यांवर बसले. गुडघ्याला गुडघा लागला. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं असेल, देव जाणे. बिरप्पाच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. धनाजी त्यांच्याकडेच बघत होता.

“घ्या शेंगा,” चंद्रिका म्हणाली. ती फरशीवर भिंतीला टेकून बसली, सोनाली तिच्या शेजारी. “पहिला प्रश्न. सोनाली गेल्यावर मामांना कोण वळवणार?”

“करू की आमी सगळी मिळून,” बिरप्पा म्हणाला. “घरचंच काम हाय, त्यात काय एवढं...”

“थांबला हात,” मायाक्का म्हणाल्या. “पयल्यापास्नं.”

“मामांना कोण वळवणार?” चंद्रिकाने त्याच आवाजात विचारलं. सेल्समनला विचारते तसंच.

“माजं असं हाय,” धनाजीने सुरू केलं, “थोरला म्हणून माजी जबाबदारी मी कवाबी नाकारली न्हाय, पण नोकरी पडली बार्शीला...”

“हात.”

“आये, आता तू बी...”

“पयल्यापास्नं म्हणलं की. माजी पोरं हायत म्हणून सूट न्हाय.”

चौथ्या खेपेला दोघेही घामाघूम झाले होते. प्रश्न तोच होता. बिरप्पाने तीन शेंगा नुसत्याच फोडल्या. मग भावाकडे न बघता, ताटात बघत, तो म्हणाला, “मला बघवत न्हाय दादा. ती पाठीची जखम. दिवाळीनंतर एकदा बघितली, अन् भाईर यिऊन वकलो. तवापास्नं उंबऱ्याच्या आत न्हाय गेलो. अण्णा दारातनं माज्याकडं बघतूया अन् मी मोबाईल काडतो.”

त्याचा हात चालू होता.

धनाजीने एक शेंग घेतली. ती फोडायला त्याला वेळ लागला. “मी शनवारी येतो ती पाव्हण्यावानी,” तो म्हणाला. “हितं आलो की वाटतं, कवा सोमवार व्हतोय. बार्शीत रातचं बरं वाटतं मला. झोप लागती.” दाणे ताटात पडले. “सोलापुरात दुसरी आडत बघाय पायजे. मागंच बघाय पायजे हुती. मी बगितलीच न्हाय.”

चंद्रिका नवऱ्याकडे बघत राहिली. त्याला बार्शीत झोप लागते, हे तिला आज कळलं. वाईट वाटलं, आणि त्यातही कुठेतरी बरं वाटलं, कारण तो पहिल्यांदा काहीतरी बोलला होता.

आतून अण्णांचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता हुंकार. दोन वाजले होते. चंद्रिकाचा तळहात फरशीला टेकला आणि अंग आपसूक उठायला लागलं. शेजारून सोनालीही उठत होती.

“बसा दोगी,” मायाक्का म्हणाल्या.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आधी धनाजी उठला. बिरप्पाने मोबाईल खिशातून काढला, कॉटवर ठेवला आणि त्याच्यामागे गेला. उंबऱ्यापाशी त्याचं पाऊल अडलं. धनाजीने मागे वळून त्याच्या मनगटाला धरलं आणि दोघे आत गेले.

“वहिनी,” आतून बिरप्पाचा आवाज आला. जरा चिरका. “कुटल्या कुशीवर?”

“डाव्या,” चंद्रिका म्हणाली. “उशी पाठीला लावा. आधी सांगा त्यांना, मी वळवतोय म्हणून. न सांगता हात लावला की दचकतात ते.”

मग आत दोन गड्यांची कुजबुज, कॉट करकरल्याचा आवाज, ‘अण्णा, मी बिरू हाय’ असं काहीतरी. सोनालीचा खांदा चंद्रिकाच्या खांद्याला लागला होता. तिने ताट खाली ओढून दोघींच्या मधे ठेवलं आणि इंग्रजीत हळूच विचारलं, “मंगळवारी हाच प्रश्न आला तर?”

“असंच सांग,” चंद्रिका म्हणाली. “मी पुढे ह्या दोघांना खुर्चीवर बसवलं तेवढं नको सांगू.”

ताटात अजून पुष्कळ शेंगा होत्या. चंद्रिकाने एक घेतली. पंख्याचा आवाज लांब लांब जायला लागला. आत बिरप्पा काहीतरी विचारत होता आणि धनाजी त्याला सांगत होता, चुकीचंच सांगत असावा, पण उठून जायची तिला गरज वाटली नाही. डोकं सोनालीच्या खांद्यावर कलंडलं. मुठीतली शेंग फोडायची तशीच राहिली. हात थांबला हे तिला कळलं होतं, आणि कोपऱ्यातून मायाक्कांनाही ते दिसलं असणार. पण पयल्यापास्नं, असं कोणी म्हणालं नाही.